खर्ड्याची बाकी

बालाघाटाची डोंगररांग मांजरेच्या पठारावरून सीनेच्या खोऱ्याकडे जेथे उतरते, तेथे पायथ्याशी, जामखेड तालुक्यात, खर्डा नावाचे गाव आहे, आणि गावाला लागून निंबाळकरांनी बांधलेला एक चौकोनी भुईकोट आहे. रायगड-प्रतापगडांच्या तोलाचा हा कोट नव्हे. त्याला सह्याद्रीच्या कड्याचा आधार नाही की समुद्राच्या पाण्याचा पहारा नाही. तरीही मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने येथे घटकाभर थांबावे असे मला वाटते; कारण कोट बांधणारे घराणे मराठ्यांचे, त्याची चाकरी हैदराबादच्या नबाबाची, आणि आसपासच्या महालांतून जमा होणाऱ्या वसुलातील एक ठरीव हिस्सा पुण्याच्या सरकारचा, अशी तिहेरी गाठ ह्या मुलखात बसलेली होती, आणि ११ मार्च १७९५ रोजी मराठे व निजाम ह्यांच्यात जी शेवटची मोठी लढाई झाली ती ह्याच गाठीतून उद्भवली.

मराठे आणि निजाम ह्यांच्यामधील सरहद्द नकाशावर रेघ ओढून दाखविता येईल अशी कधीच नव्हती. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या ज्या बादशाही सनदा आणल्या, त्यांनी दक्षिणेच्या सहा सुभ्यांची, म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, विजापूर आणि हैदराबाद एवढ्या अफाट प्रदेशाची, चौथाई व सरदेशमुखी शाहू महाराजांच्या पदरी पडली. मुलूख बादशहाचा, म्हणजे पुढे निजामाचा. पण त्याच्या जमेतील शेकडा पंचवीस चौथेचे आणि शेकडा दहा सरदेशमुखीचे मराठ्यांचे. त्या चौथेचेही पुन्हा वाटे पडत: चौथा हिस्सा राजबाबती म्हणून छत्रपतींचा, शेकडा सहा साहोत्रा, शेकडा तीन नाडगौडा, आणि राहिलेला शेकडा सहासष्ट ऐन मोकासा निरनिराळ्या सरदारांच्या नावे तोडून दिलेला. एका परगण्यात मोकासा एकाचा, साहोत्रा दुसऱ्याचा, नाडगौडा तिसऱ्याचा, अशी ही विणकरी कुसर होती. तिच्यामुळे कोणा एका सरदारास एखादा प्रांत सबंध गिळता येत नसे आणि सगळ्यांना हिशेबासाठी मध्यवर्ती दफ्तराकडे यावे लागे. राज्य सांधण्याची ही युक्ती बाळाजी विश्वनाथाच्या बुद्धीचे मोठे लेणे होय, ह्यात मला शंका नाही. परंतु त्याच युक्तीने शेजारधर्मात एक कायमचे शल्यही रोवून ठेवले.

ते शल्य कोठे सलत होते हे पाहायचे तर दरबारात न जाता गावच्या चावडीत जाऊन बसले पाहिजे. सुगी संपली, ज्वारी पेवात गेली, की पाटील-कुळकर्ण्यांपुढे दोन माणसे उभी राहत. एक निजामाचा आमील आणि दुसरा पेशव्यांचा कमाविसदार. पाऊसपाणी बरे झाले असेल तर दोघांचे भागे. एरवी वाद ठरलेला. आमील म्हणणार की ह्या साली गाव निम्मे ओस आहे, प्रत्यक्ष जो वसूल आला त्याचीच चौथ घ्या. कमाविसदार म्हणणार की सनदेत तनखा, म्हणजे गावाचा जुना पूर्ण आकार, धरला आहे आणि आम्ही तनख्यावर बोलतो. ह्या दोन आकड्यांतील तफावत म्हणजे बाकी. ती पुढील सालात ओढायची, त्या सालाची बाकी तिच्यात मिळवायची, मधून एखादी फौज येऊन घासदाण्याच्या नावाने काही घेऊन गेली असेल तर ते मुजरा मिळावे म्हणून आमिलाने अर्ज करायचा, आणि कमाविसदाराने तो नामंजूर करायचा. कुळकर्णी दोन्ही सरकारांचे कागद एकाच बोरूने लिहीत असे, आणि कुणब्याला मात्र ह्या दुअंमलाचा अर्थ एवढाच समजे की एका कणगीला दोन दारे आहेत. मराठवाड्याला आपल्याकडील जुनी माणसे ‘मोगलाई’ म्हणत आणि बेबंद कारभारालाही तोच शब्द लावीत. पण त्या बेबंदपणात आपल्या तगाद्याचाही वाटा होता, हे मान्य करावयास आपण संकोच बाळगू नये.

पहिला निजाम मोठा धोरणी होता. हैदराबादच्या आसपास मराठ्यांचे अंमलदार नकोत, त्याऐवजी रोख रक्कम घ्या, असा त्याचा आग्रह. आणि पुढे कोल्हापूरच्या संभाजीचा दावा पुढे करून, खरा छत्रपती कोण ह्याचा निवाडा होईपर्यंत चौथच रोखून धरण्याचा त्याचा डाव. त्यातून १७२८ साली पालखेड झाले आणि मुंगी-शेवगावच्या तहाने निजामाला चौथाई पुन्हा कबूल करावी लागली. पुढील पस्तीस वर्षांत भालकी, सिंदखेड, उदगीर, राक्षसभुवन असे एकामागून एक प्रसंग घडले. त्यांपैकी १७६० च्या उदगीरच्या विजयाने दौलताबादेसारखा किल्ला मराठ्यांकडे आला. आणि पानिपतानंतर, थोरल्या माधवराव पेशव्यांशी भांडण उपस्थित झाले तेव्हा त्यांच्या चुलत्याने, राघोबादादाने, निजामाची मदत मिळविण्यासाठी उदगिरीच्या मिळकतीचा मोठा भाग परत देण्याचे वचन देऊन टाकले. माधवरावांनी १७६३ साली राक्षसभुवनावर निजामाचा पुरा मोड केला, तरी गेलेले सगळे परत आले नाही. हा राघोबाचा प्रसंग वाचकांनी ध्यानात ठेवावा. निजामाकडून रणात घेतलेले त्याला घरातल्या भांडणापायी परत देण्याची वाट त्याने एकदा पाडून ठेवली होती.

राक्षसभुवनानंतर तीस वर्षे उभय पक्षांत मोठे युद्ध झाले नाही. तेव्हाचा निजाम निजामअली आणि पुण्याचे कारभारी नाना फडणीस १७८४ साली यादगिरीस भेटले, म्हैसूरच्या टिपूविरुद्ध एकत्र येण्याच्या गोष्टी झाल्या, आणि १७९० मध्ये पुणे, हैदराबाद व इंग्रज ह्यांची त्रिवर्ग युतीही झाली. श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचा जिंकलेला मुलूख तिघांनी सारखा वाटून घेतला. परंतु मैत्रीच्या ह्या काळातही दफ्तरातील बाकी वाढतच होती. टिपूचे प्रकरण मिटताच पुण्याहून मागणी निघाली. पेशव्यांचे हैदराबादेतील वकील गोविंदराव काळे ह्यांनी मांडलेला आकडा सुमारे २ कोटी ६० लाख रुपयांच्या घरात होता. नबाबाच्या बाजूने उलट दावा आला की आमचेच तुमच्याकडे येणे आहे, हिशेब नीट तपासला पाहिजे.

येथे तो प्रसिद्ध अपमानाचा प्रसंग घडला. निजामाचा दिवाण मुशीर-उल-मुल्क, ज्याला आपल्या बखरींत मशीरुल्मुल्क म्हटले आहे, त्याने भर दरबारात असे सांगितले की हा हिशेब समजावण्यास नाना फडणिसाने स्वतः हैदराबादेस यावे. वकील म्हणाला, नाना कारभारात गुंतलेले, ते कसे येतील? त्यावर दिवाणाने, ते कसे आणायचे हे आम्ही दाखवू, अशा अर्थाचे उत्तर दिले. पुढे नाना आणि पेशव्यांचे सेनानी हरिपंत फडके ह्यांची सोंगे आणून दरबारात तमाशा करविला, आणि पेशव्याला लंगोटी नेसवून, हाती तांब्या देऊन काशीला पाठवू अशा वल्गना हैदराबादेत होऊ लागल्या, असे ग्रँट डफच्या इतिहासात नमूद आहे. पुष्कळ लेखक खर्ड्याचे कारण म्हणून हाच प्रसंग सांगतात. मला ते पटत नाही. वकिलाचा अपमान ही त्या काळातही गंभीर बाब होती, पण नानांसारखा पुरुष सोंगासाठी लाखाची फौज हलविणारा नव्हता. दिवाणाच्या जिभेला एवढी धार का आली, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे, आणि त्याचे उत्तर तारखांत आहे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीस वारले. त्याच साली हरिपंत फडकेही गेले. पुण्याचा उजवा आणि डावा असे दोन्ही हात चारपाच महिन्यांच्या अंतराने गळाले, असा हैदराबादचा अंदाज झाला. शिवाय फ्रेंच सेनानी रेमंड ह्याने निजामासाठी कवायती पलटणींचे नवे सैन्य उभारले होते. आणि तिसरी आशा इंग्रजांची.

ही तिसरी आशा फोल ठरली. गव्हर्नर-जनरल सर जॉन शोअर ह्याने विचार केला की त्रिवर्ग तह टिपूविरुद्ध होता, त्यातील दोन मित्रांचे आपसांत वाजले तर तिसऱ्याने मध्ये पडण्याचे बंधन त्यात नाही. तेव्हा कंपनीने तटस्थ राहावे. हैदराबादेस कंपनीच्या दोन पलटणी होत्या, त्यांनाही ह्या लढाईत उतरण्याची मोकळीक मिळाली नाही. पुण्यात शोअरच्या ह्या धोरणाने समाधान झाले असणार. परंतु तटस्थ राहणारा आज बाजूला उभा राहून दोघांची शक्ती मोजतो आणि उद्या त्या मोजमापाचा उपयोग करतो, ही गोष्ट तेव्हा कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही.

१७९५ च्या आरंभी पेशवे सवाई माधवराव पुण्याहून निघाले. त्यांच्या निशाणाखाली दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे रघूजी भोसले, परशुरामभाऊ पटवर्धन आणि लहानमोठे असंख्य सरदार जमले. सगळे मराठमंडळ पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र झाल्याचा हा शेवटचा प्रसंग. ग्रँट डफ मराठ्यांचे सैन्य १ लाख ३० हजार आणि निजामाचे १ लाख १० हजार असे देतो. मुख्य सेनापतित्व परशुरामभाऊंकडे होते. शिंद्यांच्या फौजेवर जिवबादादा बक्षी होते, जे मूळचे गोव्यातील पेडणे महालातल्या केरी गावचे; आणि त्यांच्या कवायती पलटणी पेराँ नावाच्या फ्रेंचाच्या हुकमतीत होत्या. म्हणजे एका फ्रेंचाने शिकविलेल्या तोफा दुसऱ्या फ्रेंचाने शिकविलेल्या बंदुकांवर चालायच्या होत्या, आणि मरायचे होते ते मात्र दोन्हीकडून ह्याच मातीतल्या माणसांनी.

निजाम बेदरहून मांजरेच्या काठाकाठाने आला आणि मोहरीच्या घाटाने खाली खर्ड्याकडे उतरला. घाटमाथ्यावर बाबा फडके ह्यांच्या हाताखालील हुजुरातीने, म्हणजे पेशव्यांच्या खास फौजेने, त्याच्यावर मारा केला, पण तिला मागे हटावे लागले. आणि त्या रात्री मोगलांच्या, म्हणजे निजामाच्या, गोटात विजयाचा आनंद झाला. दुसऱ्या दिवशी नबाब खर्ड्याहून परांड्याकडे कूच करीत असता गाठ पडली. टेहळणीसाठी थोड्या लोकांनिशी पुढे गेलेल्या परशुरामभाऊंवर लालखान नावाच्या बलुची सरदाराने पठाण घेऊन झडप घातली, कित्येक लोक कापून काढले आणि स्वतःच्या हाताने भाऊंना जखमी केले. तेव्हा भाऊंच्या वडील मुलाने पुढे होऊन लालखानास ठार मारले. ह्या गडबडीत मराठ्यांची एक बाजू फुटली आणि काही वेळ असे वाटले की दिवस मोगलांचा आहे. मग रघूजी भोसल्यांच्या लोकांनी मोगली घोडदळावर बाणांचा वर्षाव सुरू केला आणि त्याच वेळी पेराँने उंचवट्यावर मांडलेल्या ३५ तोफांनी तोंडे उघडली. घोडदळ उधळले. रेमंडच्या पलटणी मात्र पाय रोवून उभ्या होत्या, आणि त्यांना आणखी कुमक मिळती तर पुढे काय झाले असते हे सांगणे कठीण आहे. परंतु नबाबाने माघारीचा हुकूम पाठविला आणि रेमंडला मागे वळावे लागले.

निजामाबरोबर जनाना होता, आणि एका बेगमेच्या भीतीमुळेच त्याने माघार घेतली असे आपल्याकडे मोठ्या चवीने सांगितले जाते. लढाई हरण्याचे खापर बायकांच्या माथी फोडण्याची रीत जुनी आहे. मी तिच्यावर फारशी भिस्त ठेवीत नाही. उलट त्या छावणीतील दुसऱ्या स्त्रियांची आठवण मला महत्त्वाची वाटते. जनान्याच्या रक्षणासाठी निजामाने शिपायांचा पोशाख केलेल्या, बंदुकीची कवायत शिकलेल्या स्त्रियांच्या पलटणी ठेविल्या होत्या. त्या खर्ड्यास हजर होत्या आणि बाकीच्या सैन्यापेक्षा वाईट वागल्या नाहीत, अशी नोंद आहे. त्यांची नावे कोठल्याही दफ्तरात उतरली नाहीत.

खरा पराभव झाला तो रात्री, आणि तोही एका शब्दाने. अंधार पडल्यावर मोगलांचे सैन्य विस्कटलेल्या स्थितीत एका ओढ्याच्या आश्रयाने पडले होते. मराठ्यांच्या गस्तीचे थोडेसे स्वार घोड्यांना पाणी पाजण्यासाठी, पुढे कोण आहे ह्याची कल्पना नसताना, त्याच ओढ्यावर आले. फाल्गुनातल्या त्या रात्री तहानेला शत्रुमित्र कळत नव्हता. स्वार आपसांत काही बोलले असतील: घोड्याला आवर, पाणी गढूळ आहे, असेच काही साधे. ती बोली ऐकताच पलीकडच्या माणसांनी ओळखले आणि गोळी झाडली. ते आवाज ऐकून रेमंडच्या पहारेकऱ्यांनी बार काढले, आणि मग भरलेल्या बंदुका उशाशी घेऊन निजलेली सबंध रांग दचकून उठली व अंधारात समोर जे असेल त्याच्यावर तिने एकदम फैर झाडली. मराठ्यांचा हल्ला आला, असे मानून सैन्य चोहोंकडे पळत सुटले. पळता पळता त्याने आपलेच बुणगे लुटले. नबाब खर्ड्याच्या कोटात शिरला. सकाळी पाहतो तो सैन्याचा दहावा हिस्सा जेमतेम जाग्यावर होता. निंबाळकरांच्या त्या चार भिंतींत दक्खनचा सुभेदार कोंडला गेला आणि बाहेरून मराठ्यांच्या तोफा चालू झाल्या. दोन दिवसांत बोलणे सुरू झाले.

तहाची कलमे जबर होती. परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा मुलूख, दौलताबादच्या किल्ल्यासह. मागील बाकी व युद्धखर्च मिळून सुमारे ३ कोटी रुपये, त्यांपैकी काही रोख आणि बाकीचे हप्त्यांनी. नागपूरकर भोसल्यांच्या हक्कांची वेगळी तोड. आणि मुशीर-उल-मुल्कास मराठ्यांच्या स्वाधीन करणे. नबाबाला शेवटचे कलम सर्वांत जड गेले. ज्याने नानांना हैदराबादेस आणण्याची भाषा केली होती, तो दिवाण स्वतःच पुण्याच्या नजरकैदेत गेला. मराठ्यांच्या गोटात उत्सव झाला. परंतु वीस वर्षांचे पेशवे उदास होते. नानांनी कारण विचारले तेव्हा, मोगलांनी इतक्या निंद्य रीतीने शरण यावे आणि आपल्या लोकांनी न लढता मिळालेल्या जयाची बढाई मारावी, ह्यात दोन्ही पक्षांची अवनती दिसते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असे ग्रँट डफ सांगतो. हे बोल खरोखर त्यांच्याच तोंडचे असतील, तर त्या पोरवयाच्या पेशव्याला त्याच्या कारभाऱ्यांपेक्षा अधिक दूरचे दिसत होते असे म्हटले पाहिजे. मोगलांचा मोड त्यांच्याच बंदुकांनी केला होता.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जावरून खाली पडले आणि २७ ऑक्टोबरला वारले. गादीचा वारस राहिला नाही, आणि राघोबाचे मुलगे हेच काय ते जवळचे रक्त. नाना, परशुरामभाऊ, दौलतराव शिंदे ह्यांच्यात वर्षभर जो खेळ झाला तो येथे सविस्तर सांगण्याचे कारण नाही. एवढे पुरे की भाऊंनी राघोबाच्या धाकट्या मुलाला, चिमाजी अप्पाला, गादीवर बसविले, नाना जिवाच्या भीतीने महाडास गेले, आणि निजामाची मैत्री मिळावी म्हणून मुशीर-उल-मुल्काची नजरकैद उठली. खर्ड्याचा कैदी पुण्याच्या राजकारणात सगळ्यांना हवाहवासा झाला. आणि १७९६ च्या ऑक्टोबरात महाड येथून, राघोबाचा थोरला मुलगा बाजीराव ह्याच्या पक्षास निजामाचा पाठिंबा मिळावा म्हणून, नाना फडणिसांनी खर्ड्यास घेतलेला मुलूख परत करण्याचा आणि रक्कम सोडण्याचा करार केला. ज्या हाताने बाकीचा आकडा काढला होता त्याच हाताने तो खोडला. राघोबाने पाडलेल्या वाटेने अखेर राघोबाच्या शत्रूलाच, म्हणजे नानांना, आणि तेही राघोबाच्या मुलासाठी, जावे लागले, ह्याइतकी विषण्ण करणारी गोष्ट मराठ्यांच्या इतिहासात मला फार थोडी दिसते. नानांची निंदा करणे सोपे आहे. पण महाडास बसलेल्या त्या चोपन्न वर्षांच्या एकाकी माणसाजवळ द्यावयास दुसरे उरले तरी काय होते? गादीवर आल्यावर बाजीरावाने महाडचा करार जशाचा तसा मानला नाही. तरी मुशीर-उल-मुल्क १७९७ साली हैदराबादेस परतला तो मोठी सूट पदरात पाडून घेऊनच.

तिकडे हैदराबादेत खर्ड्याचा परिणाम निराळ्या दिशेने झाला. आपल्याला उघड्यावर सोडले म्हणून निजामअलीने रागाने कंपनीच्या दोन पलटणींना निरोप दिला. परंतु लगेच त्याचा मुलगा अलीजाह बंडास उठला आणि पलटणी परत बोलवाव्या लागल्या. १७९८ च्या मार्चमध्ये रेमंड मरण पावला. दिवाणगिरीवर पुन्हा आलेल्या मुशीर-उल-मुल्काने पुण्याचे घर आतून किती पोखरले आहे हे कैदेत राहून पाहिले होते, आणि इंग्रजांची तटस्थता किती महाग पडते हे खर्ड्याच्या कोटात बसून पाहिले होते. १ सप्टेंबर १७९८ रोजी निजामाने नवा गव्हर्नर-जनरल वेल्स्ली ह्याच्याशी तैनाती फौजेचा तह केला, ऑक्टोबरात फ्रेंचांच्या पलटणी मोडल्या, आणि १८०० च्या तहाने तैनातीच्या खर्चासाठी आपला मुलूखच कंपनीला लावून दिला. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईस कंपनीशी केलेल्या तहावर सही केली, आणि त्या तहात निजामाशी पेशव्यांचे जे काही वाद असतील त्यांचा निवाडा कंपनीने करावा हे मान्य केले. शंभर रुपयांत पंचवीस कोणाचे, तनखा खरा की वसूल खरा, ह्याचा निर्णय चावडीतून आणि रणांगणातून उठून आता तिऱ्हाइताच्या कचेरीत गेला.

चौथेची बाकी त्यानंतरही कागदावर चालूच राहिली. पेशवाई १८१८ साली बुडाली, पेशव्यांचे हक्क कंपनीकडे आले, आणि त्यांबरोबर निजामाकडील येणेही आले. १८२२ च्या डिसेंबरात कंपनीने निजामाशी आणखी एक तह केला आणि चौथेची मागील सर्व बाकी व पुढील सर्व मागणी त्याला माफ केली. १७१९ च्या सनदांपासून चाललेले ते खाते एकशेतीन वर्षांनी, हैदराबाद आणि कलकत्ता ह्यांच्यामधील कागदावर, बंद झाले. त्या कागदावर सही करण्यास पुण्याचा कोणी माणूस नव्हता.